जेवायचं कोणी राहिलंय का?

1799 च्या ऑक्टोबरात झालेल्या तहाने तंजावरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. दुसरे सरफोजीराजे गादीवर येऊन तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं. राजवाडा, किल्ला आणि महसुलातला ठरलेला वाटा एवढंच त्यांच्याकडे उरलं. पुढे 1801 मध्ये त्यांनी कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना एक लांबलचक पत्र लिहिलं. राज्य गेलेल्या माणसाने मागावं असं पुष्कळ असतं. या पत्रात मागणी होती ती छत्रांची. रामेश्वरच्या वाटेवर आपल्या भोसले घराण्याने बांधलेली अन्नछत्रं आणि ती चालावीत म्हणून लावून दिलेली गावं आपल्या देखरेखीखाली राहू द्यावीत, एवढं राजांचं म्हणणं होतं.

ते पटवून देण्यासाठी त्यांनी छत्रांचा दिनक्रमच लिहून काढला, आणि तो आजही वाचावा असा आहे. ब्राह्मणापासून तेव्हा ज्यांना अस्पृश्य मानत त्यांच्यापर्यंत, येईल त्या वाटसरूला अन्न. आजारी पडलेल्याला औषध आणि पथ्याचं जेवण, आणि तो बरा होईपर्यंत आदराने शुश्रूषा. तान्ह्या मुलांना दूध. छत्रात बाळंत झालेल्या बाईचा सगळा खर्च, आणि तिला तीन महिने तिथेच राहायची मुभा. अनाथ पोरांना दिवसातून तीन वेळा जेवण, दर चौथ्या दिवशी अंगाला तेल, कपडे, आवडेल त्या विद्येचं शिक्षण, आणि शिकून झाल्यावर लग्नाचा खर्चसुद्धा. वाटेत कोणी दगावलं तर त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे अंत्यविधी. या साऱ्या तपशिलात एक ओळ अशी आहे की तिच्यापाशी मी दर वेळी थांबतो. जेवण वाढण्याचं काम मध्यरात्रीपर्यंत चाले, मग घंटा वाजवली जाई, आणि ज्यांचं जेवण राहिलं असेल त्यांनी यावं अशी हाक दिली जाई.

देवाची सेवा आपल्या रोजच्या जगण्यात कुठे आणि कशी करायची, या प्रश्नावर आपल्याकडे प्रवचनं भरपूर झाली आहेत. मला त्या प्रश्नाचा सगळा विचार या घंटेपाशी आल्यासारखा वाटतो. दिवसभर पंगती उठल्या, पुण्य जोडलं गेलं, भांडी घासायला टाकली, हिशेब लिहून झाला. आता दार लावून घ्यायला कुणाची हरकत नव्हती. तरी घंटा वाजते, कारण अंधारात, दमून, उशिरा पोचलेला एखादा माणूस ओटीवर किंवा झाडाखाली पडलेला असू शकतो, आणि त्याला मागायचा संकोच वाटत असू शकतो. सेवा कधी संपते हे वाढणारा ठरवत नाही. ते तो शेवटचा उपाशी माणूस ठरवतो.

आपण बहुतेक जण सेवेची वेळ स्वतः ठरवतो. चतुर्थीला अभिषेक, वाढदिवसाला अनाथालयात जेवण, निवृत्तीनंतर एखाद्या संस्थेचं काम. यात वाईट काहीच नाही, पण यातलं प्रत्येक काम आपल्या सोयीने, आपल्या मापाचं आणि बहुधा आपल्याला शोभेल असं निवडलेलं असतं. देव मात्र, आपल्या संतांच्या अनुभवावर विश्वास ठेवायचा तर, भलत्या वेळी येतो. जनाबाईकडे तो दळणकांडणाच्या घाईत आला. गोरोबांकडे चिखल तुडवताना, सावतोबांकडे मळ्यात, सेना न्हाव्याच्या कथेत तर धोकटी घेऊन त्याच्या बदली कामावर गेला. या कथा भाबड्या म्हणून सोडून देऊ नयेत. त्यांचा आग्रह एकच आहे: समोर आलेलं काम हलकं आहे म्हणून ते बाजूला सारून देवाकडे जाणाऱ्याची आणि देवाची चुकामूक होते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. राजाने अन्नछत्र चालवण्यात कसली आली नम्रता? गावं त्याच्या पूर्वजांनी लावून दिली, धान्य रयतेने पिकवलं, नाव मात्र घराण्याचं. ओरत्तनाडूचं मोठं छत्र सरफोजीराजांनी आपल्या निकटच्या मुक्तांबाबाईंच्या स्मरणार्थ बांधलं. मुक्तांबाळ छत्र म्हणून ते आजही ओळखलं जातं. पण मध्यरात्री घंटा कोण वाजवत होतं? त्या पोरक्या मुलांच्या डोक्यावर तेल थापणारे हात कुणाचे होते? बाळंतिणीच्या खोलीतले कपडे कोण धूत होतं? पत्रात त्यांची नावं नाहीत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत, त्यांत छत्रांचा जमाखर्च आहे, पण आपल्या स्मरणात राहिला तो राजा. सेवेचा गौरव करणाऱ्या बहुतेक लिखाणात हेच होतं. करवणाऱ्याचं नाव राहतं, करणारा पुसला जातो.

म्हणून तंजावरातच आठशे वर्षं मागे जायला हवं. राजराज चोळाने बांधलेलं बृहदीश्वराचं मंदिर 1010 मध्ये पुरं झालं. त्याच्या दगडी पायावर आणि भिंतींवर जे कोरलेलं आहे ते एखाद्या मोठ्या कचेरीच्या दप्तरासारखं आहे. राजाची आज्ञाच अशी की आम्ही दिलेलं, आमच्या थोरल्या बहिणीने दिलेलं, आमच्या राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलंही विमानाच्या दगडावर कोरून ठेवा. त्या ‘इतरां’सकट. पुढे नेमणुकांची यादी येते. देवापुढे नाचणाऱ्या चारशे स्त्रिया, प्रत्येकीचं नाव, ती कोणत्या गावच्या कोणत्या देवळातून आली ते, आणि देवळाजवळच्या वस्तीत कोणत्या ओळीत कितवं घर तिला दिलं ते. दर घराला वर्षाला शंभर कलम भाताचा एक वाटा. नंतर नट्टुवनार म्हणजे नाचाचे गुरू, वादक, गायक. त्यांच्या मागोमाग छत्री धरणारे, दिवे लावणारे, पाणी शिंपडणारे, कुंभार, परीट, न्हावी, शिंपी, सुतार, कासार, हिशेबनीस. कोणाला किती वाटा ते स्पष्ट. माणूस मेला किंवा गाव सोडून गेला तर त्याच्या जवळच्या नातलगाने काम करावं आणि वाटा घ्यावा, नातलग त्या कामाला लायक नसेल तर दुसरा लायक माणूस निवडावा, अशीही तरतूद.

पाणी शिंपडणाऱ्याचा वाटा राजाच्या दानाच्याच दगडावर कोरलेला आहे. सेवेला मोबदला लावला की ती सेवा राहत नाही, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मला हे म्हणणं अतिशय घातक वाटतं. मोबदला न देण्याची सर्वांत सोयीची सबब म्हणजे समोरच्याच्या कामाला ‘सेवा’ म्हणणं. अंगणवाडीच्या ताईंना मानधन, गावोगाव फिरणाऱ्या आशांना मानधन, देवळात पहाटे झाडलोट करणाऱ्या बाईला प्रसाद आणि वर्षाला एक लुगडं. भात मोजून देणाऱ्या चोळांच्या दगडी हिशेबाने देवाचं काही कमी झालं नाही. पाणी शिंपडणाऱ्याच्या मनात भक्ती होती की नव्हती हे आपण जाणत नाही, जाणण्याचा आपल्याला हक्कही नाही. तिथे राहणाऱ्या देवाच्या नावाने काम घेताना त्याचं पोट भरण्याची जबाबदारी घेतली गेली, एवढं आपल्याला दिसतं.

दिव्यांची व्यवस्था तर याहून शिकवणारी. एक अखंड दिवा तेवत राहावा म्हणून 96 मेंढ्या धनगरांच्या हवाली केल्या जात. मेंढ्यांऐवजी गाई दिल्या तर 48, म्हशी दिल्या तर 16. त्यांच्या दुधातून दर दिव्यामागे रोज एक उळक्कु (तिथलं एक माप) तूप देवळात पोचवायचं. हे पशू मरत नाहीत आणि म्हातारेही होत नाहीत, अशी त्या काळच्या लेखांची भाषा आहे. अर्थ उघड आहे, कळपात जी मरेल तिच्या जागी नवी यायची आणि आकडा कधी घटायचा नाही. गाभाऱ्यातली ज्योत पाहणाऱ्याला माळावरच्या मेंढ्या दिसत नव्हत्या. उन्हातान्हात त्यांच्या मागे हिंडणारा, लांडग्याला हाकलणारा, रोगाने पडलेल्या मेंढीची जागा भरून काढणारा धनगर हा त्या पूजेतला पुजाऱ्याइतकाच भागीदार होता. त्याचा दिवस मात्र पूजेसारखा अजिबात दिसत नव्हता. रोजच्या जगण्यातली सेवा बहुधा अशीच असते, देवापासून दूर कुठेतरी, वासाची, धुळीची.

हे झालं नेमून दिलेल्या कामाबद्दल. आपणहून पत्करलेल्या कामाचा विचार करायचा तर कावेरीच्या काठावर अप्परांहून मोठा गुरू नाही. सातव्या शतकातले हे शैव संत. त्यांची मूर्ती तमिळनाडूतल्या कोणत्याही जुन्या शिवालयात ओळखता येते ती खांद्यावरच्या हत्यारामुळे. ते हत्यार म्हणजे उळवारम, लांब दांड्याचं खुरपं. गावोगावच्या देवळांत जाऊन ते पदं गात आणि आवारातलं गवत, काटेकुटे काढून वाट साफ करत. शेक्किळारांनी बाराव्या शतकात लिहिलेल्या पेरियपुराणात त्यांची कथा आहे. तिरुप्पुगलूरला अंगण साफ करताना मातीत सोनं आणि रत्नं वर आली, तेव्हा ती त्यांनी खड्यांबरोबर खुरप्याने उचलून तळ्यात टाकली आणि काम पुढे चालू ठेवलं, असं तिथे सांगितलं आहे. आजही तमिळनाडूत सुटीच्या दिवशी खुरपी-झाडू घेऊन पडक्या देवळांचं आवार साफ करायला जाणारी मंडळं आहेत, आणि ती या कामाला अप्परांच्याच हत्याराचं नाव देतात.

तिरुवैयारूजवळ तिंगळूर आहे. तिथल्या अप्पूदी अडिगळ नावाच्या गृहस्थाने अप्परांना पाहिलंही नव्हतं, पण त्यांच्या नावाने पाणपोया घातल्या, मुलांची नावंही त्यांचीच ठेवली. एके दिवशी तहानलेले अप्पर वाटेने जाताना आपल्याच नावाची पाणपोई पाहून थबकतात, हा पेरियपुराणातला प्रसंग मला फार आवडतो. अप्पूदींनी गुरूसाठी ठेवलेलं पाणी रोज अनोळखी वाटसरू पीत होते. गुरू आला तेव्हा तोही एक वाटसरूच होता. तो वेगळा कळावा अशी सोय त्या पाणपोईत नव्हती, आणि म्हणूनच ती योग्य जागी होती.

मराठी माणसाला अप्परांचं खुरपं पाहून गाडगेबाबांचा खराटा आठवल्याशिवाय राहणार नाही. गावात शिरायचं ते झाडत, दिवसभर गाव स्वच्छ करायचं, रात्री कीर्तनात माणसांची मनं. पण हे साम्य सांगून थांबलं तर आपण बाबांवर अन्याय करतो. ते परीट कुटुंबात जन्मले. खराटा त्यांच्यावर कोणी लादला नव्हता, तो त्यांनी उचलला, आणि ज्यांच्यावर तो जन्माने लादला गेला होता त्यांची बाजू घेण्यासाठी उचलला. पंढरपुरात दलित वारकऱ्यांना टेकायला जागा नव्हती म्हणून त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली आणि पुढे ती बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. हलकं काम करणारा हा माणूस ते काम हलकं ठरवणाऱ्या व्यवस्थेशी कधीच नम्र नव्हता.

हा फरक निसटला तर या विषयावरचं सगळं बोलणं खोटं पडतं. अप्पर खुरपं खाली ठेवू शकत होते. चोखोबा ठेवू शकत नव्हते. मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत बांधण्याच्या वेठीला लावलेले असताना ती कोसळून ते गेले, अशी परंपरा सांगते, आणि त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारात, देवळाच्या बाहेर आहे. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या कामाला नम्र सेवा म्हणणं म्हणजे त्याच्या गुलामीवर फुलं वाहणं. तंजावरलाही हे होतंच. छत्रांत सगळ्यांना अन्न मिळे, पण सगळे एका पंगतीला नव्हते. ज्या देवळाचा दगड पिढ्यान् पिढ्या कष्टकऱ्यांच्या खांद्यांवरून गेला, त्याचं दार दलितांना अधिकाराने उघडलं ते 1939 मध्ये, भोसले घराण्याच्या वारसाने आपल्या देवस्थानातली मंदिरं खुली केली तेव्हा. पंढरपूरला तर साने गुरुजींना 1947 मध्ये प्राण पणाला लावावे लागले. आणि शिलालेखातल्या त्या चारशे स्त्रियांची परंपरा पुढच्या शतकांत अशा वळणाला गेली की 1947 मध्ये मद्रास प्रांताला मुली देवाला वाहण्यावर कायद्याने बंदी घालावी लागली. देवाची सेवा या शब्दांखाली कोणकोणत्या गोष्टी झाकल्या गेल्या याची ही नुसती दोन-तीन उदाहरणं.

त्या परंपरेत जन्मलेल्या एका स्त्रीने तंजावरपासून जवळच, तिरुवैयारूला जे केलं, ते मला या साऱ्या गुंत्यातून बाहेर पडायची वाट वाटतं. रामभक्त संतसंगीतकार त्यागराज 1847 मध्ये तिथे निवर्तले. हयातभर त्यांनी उंछवृत्तीने संसार केला. गल्लीतून रामाचं नाव गात जायचं, दारादारांतून मिळेल ते मूठभर तांदूळ घ्यायचे, त्या दिवसापुरतं झालं की घरी यायचं. याच सरफोजीराजांनी दरबारात बोलावलं असता ते गेले नाहीत, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडे माधुकरीची परंपरा आहे, दासबोधात चौदाव्या दशकात भिक्षेवर स्वतंत्र समास आहे, आणि समर्थशिष्य भीमस्वामींचा मठ तंजावरातच होता, त्यामुळे हे आपल्याला परकं वाटू नये. दुसऱ्याच्या दारात हात पसरणं हे देण्यापेक्षा अवघड काम. देणाऱ्याची मान ताठ राहू शकते, घेणाऱ्याची नाही. त्या दारातल्या बाईला मात्र रोज सकाळी एक मूठ तांदळाएवढीच, तिला परवडेल अशी, देवाचं काही करण्याची संधी त्यागराजांनी दिली.

त्यांच्या समाधीची पुढे आबाळ झाली. बंगळूर नागरत्नम्मा यांचा जन्म 1878 चा, देवदासी घराण्यातला, आणि गायिका म्हणून त्यांनी मद्रासेत मोठं नाव आणि पैसा मिळवला होता. समाधीची दुरवस्था कळल्यावर त्यांनी तिथली जमीन मिळवली, पदरचा पैसा घातला आणि 1925 मध्ये समाधिमंदिर उभं केलं. आराधनेच्या उत्सवात मात्र पुरुषांच्या मंडळांनी स्त्रियांना गाऊ दिलं नाही. मंदिर बांधणारीलाच गाण्याची बंदी! त्यांनी पाठ फिरवली नाही, आणि बंदीही मान्य केली नाही. स्त्रियांचा वेगळा उत्सव सुरू केला, वर्षानुवर्षं चालवला, आणि 1940 च्या सुमारास सगळे गट एकत्र आले तेव्हा स्त्रियाही समाधीपुढे गाऊ लागल्या. आयुष्याची शेवटची वर्षं त्या तिरुवैयारूलाच साधेपणाने राहिल्या, 1952 मध्ये वारल्या. विटा-चुन्याचं, खर्चाचं, खटपटीचं काम त्यांनी स्वीकारलं. अपमान स्वीकारला नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात, आणि ज्याला लहान काम देवाचं म्हणून करायचं आहे त्याला त्या दोन्ही लागतात.

हे सगळं आपल्या घरात आणून पाहिलं की प्रश्न फार जवळचा होतो. घरात अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस असतं. रात्री तीन वाजता हाक येते. कूस बदलायची असते, भांडं द्यायचं असतं, कधी चादर बदलायची असते. छत्रातली ती मध्यरात्रीची घंटा म्हणजे हीच. मराठी घरांत ती ऐकून उठतं कोण? बहुतेक घरांत सून, मुलगी किंवा बायको, आणि तिच्याबद्दल मोठ्या कौतुकाने म्हटलं जातं, ‘सासऱ्यांची फार सेवा केली हो हिने.’ तिला नाही म्हणायची सोय होती का, हे कोणी विचारत नाही. त्याच घरातला मुलगा दर गुरुवारी मठात तास-दोन तास सेवेला जातो आणि तिथे चपला नीट लावून ठेवतो. मठातल्या चपला लावणं चांगलंच. पण ते काम त्याने निवडलेलं आहे, ठरल्या वेळेचं आहे, आणि लोक पाहत आहेत. वडिलांच्या खोलीतलं काम त्याच्याकडे आलेलं आहे आणि ते बायकोने उचललं म्हणून त्याला दिसलेलं नाही.

पगारी माणूस ठेवता येत असेल तर ठेवावा. त्याला राजराजाच्या कारकुनासारखा मोजून, वेळेवर आणि पुरेसा पगार द्यावा, सुटी द्यावी, नावाने हाक मारावी, आणि त्याच्या कामाला सेवा म्हणून पगारात काटछाट करू नये. पण त्याची सुटी असेल त्या रात्री, किंवा तो ठेवणं परवडतच नसेल तर रोजच, वाटणी व्हायला हवी. आठवड्यातल्या कोणत्या रात्री मुलगा वडिलांच्या खोलीत झोपेल, कोणत्या रात्री जावई येईल, कॉलेजातला नातू कोणत्या दुपारी आजोबांना भरवेल, हे घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरवता येतं. हे ठरवायला मुहूर्त लागत नाही. आज रात्री पान वाढायच्या आधी बोलणं काढलं तरी चालेल, आणि ते सुनेला काढावं लागू नये, मुलाने काढावं.